औषधदानाचे आचार्य : जॉन हेन्री स्टील

जैन आचारपरंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. या चारांपैकी अभयदान आणि आहारदान मुक्या प्राण्यांच्या बाबतीत आपल्या समाजाने शतकानुशतके निष्ठेने केले. गावोगावच्या पांजरापोळी ही त्याची साक्ष आहे. खाटकाच्या दारातून सोडवून आणलेली गाय, लंगडा झालेला बैल, म्हाताऱ्या घोड्या, पंख मोडलेली कबुतरे यांना तेथे निवारा मिळाला आणि वेळेवर चारापाणी मिळाले. मात्र औषधदानाची गोष्ट वेगळी आहे. भुकेल्याला घास देण्यासाठी करुणा पुरते. रोग्याला औषध देण्यासाठी करुणेबरोबर ज्ञानही लागते. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नसल्याने ते ज्ञान अधिकच सूक्ष्म असावे लागते.

मुंबई इलाख्यात हे ज्ञान शास्त्रशुद्ध रीतीने शिकविण्याची आणि त्याच्या आधारे सार्वजनिक पशुरुग्णालय चालविण्याची सुरुवात ज्यांच्या हातून झाली, ते जॉन हेन्री स्टील जन्माने इंग्रज आणि पेशाने लष्करी पशुवैद्य होते. पशुवैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. ज्या परळमध्ये त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्या परळच्या बाहेर मात्र सामान्य माणसाला ते फारसे ठाऊक नाही. जीवदयेच्या कार्यात रस असणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे चरित्र जाणून घ्यावे, इतके ते आपल्या चिंतनाशी जवळचे आहे.

शिक्षण आणि पहिले ग्रंथ

स्टील यांचा जन्म १८५५ सालचा. इंग्लंडमधील सर्वांत जुनी पशुवैद्यकीय शाळा म्हणजे १७९१ मध्ये स्थापन झालेले लंडनचे रॉयल व्हेटरनरी कॉलेज. तेथे त्यांचे शिक्षण झाले आणि १८७५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते पशुवैद्य म्हणून उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, घोड्याच्या शरीररचनेवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विच्छेदनगृहात उभे राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती असावे, अशा बेताने ते लिहिले होते. एकविशीतल्या तरुणाने आपल्यामागून येणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहावे, ही त्यांच्या पुढील आयुष्याची नांदीच होती.

काही काळ लष्करी सेवा करून ते आपल्या महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्यासाठी परतले. त्या काळी पशुवैद्यक म्हणजे मुख्यतः अश्ववैद्यक. घोडा हा सैन्याचा, श्रीमंतांचा आणि शहरी वाहतुकीचा प्राणी असल्याने शाळेत त्याचाच अभ्यास होई. गायीबैलांचे दुखणे बहुधा गावठी जाणत्यांवर सोपविलेले असे. १८६५ साली इंग्लंडमध्ये बुळकांडीची साथ आली, गुरे फार मोठ्या संख्येने दगावली आणि ही उणीव सर्वांच्या ध्यानात आली. स्टील यांनी १८८१ मध्ये बैल व गाय यांच्या रोगांवर एक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. घोड्याइतकेच लक्ष गायीकडेही दिले पाहिजे, ही दृष्टी त्या ग्रंथामागे होती. पुढे ज्या देशात त्यांना काम करायचे होते, त्या देशाला याच दृष्टीची गरज होती.

भारतात आगमन

१८८२ च्या सुमारास ते पुन्हा लष्कराच्या पशुवैद्यकीय खात्यात दाखल झाले आणि भारतात आले. येथे आल्यावर त्यांच्यासमोर जे प्राणी उभे राहिले, त्यांपैकी कित्येकांविषयी लंडनच्या शाळेत त्यांना एक अक्षरही शिकविले गेले नव्हते. लष्कराची रसद हत्ती, उंट, खेचरे आणि बैल यांच्या पाठीवरून जात असे. देशभरातील शेतकऱ्याचा संसार बैलाच्या खांद्यावर उभा होता.

भारताला पशुवैद्यकाची परंपरा नव्हती असे नाही. शालिहोत्राचे अश्वशास्त्र आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हे प्राचीन ग्रंथ त्याचे प्रमाण आहेत. अशोकाच्या शिलालेखांत माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचाही उल्लेख येतो. परंतु एकोणिसाव्या शतकापर्यंत हे ज्ञान विखुरले होते. काही माहुतांपाशी, काही नालबंदांपाशी, काही गावातल्या जाणत्या गुराख्यांपाशी ते तोंडी उरले होते. डाग देणे, झाडपाला बांधणे, काढे पाजणे हे उपाय चालत. त्यांतील काही गुणकारी होते, काही निरुपयोगी, तर काही प्राण्याच्या वेदना वाढविणारे. बुळकांडी, लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या, फाशी या साथींची नावे शेतकऱ्याला पाठ होती. त्यांच्यापुढे मात्र तो हताश होता. गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८६९ मध्ये सरकारने एक आयोग नेमला आणि १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. रोग ओळखणारी शिक्षित माणसेच देशात पुरेशी नाहीत, ही खरी अडचण होती.

अशा स्थितीत स्टील यांनी ज्ञान एकत्र करण्याचे काम हाती घेतले. फ्रेडरिक स्मिथ या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या साथीने त्यांनी भारतातील पशुवैद्यकशास्त्राला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू केले. दूरदूरच्या छावण्यांत एकेकटे काम करणारे पशुवैद्य आपले अनुभव त्यात लिहू लागले. एका ठिकाणी पाहिलेला रोग दुसऱ्या ठिकाणी ओळखता यावा, हा त्यामागील हेतू होता. स्मिथ हे पुढे मेजर-जनरल सर फ्रेडरिक स्मिथ या नावाने पशुवैद्यकाचे मोठे लेखक आणि इतिहासकार म्हणून गाजले. १८८५ मध्ये मद्रास येथून स्टील यांचे हत्तीच्या रोगांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या प्राण्याविषयी आपल्याला कोणी शिकविले नाही, त्याच्याविषयी स्वतः शिकून इतरांना शिकवावे, हा त्यांचा स्वभाव येथेही दिसतो.

ब्रह्मदेशातील खेचरे

१८८५ सालीच त्यांच्यावर एक कठीण कामगिरी आली. ब्रिटिश ब्रह्मदेशात लष्कराच्या वाहतुकीची खेचरे एका अनाकलनीय आजाराने मरत होती. ताप येई, उतरे, पुन्हा येई. खाणे चालू असूनही जनावर दिवसेंदिवस खंगत जाई, पोटाखाली आणि पायांवर सूज येई, शेवटी ते कोसळे. या आजाराचे कारण शोधण्यासाठी स्टील यांना पाठविण्यात आले.

त्याआधी पाच वर्षे, १८८० मध्ये, पंजाबातील डेरा इस्माईल खान भागात ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने घोडे व उंट यांच्या अशाच आजाराचा अभ्यास केला होता. तेथे या रोगाला सर्रा म्हणत. काही इंग्रजी कोश या नावाचे मूळ धापेचा आवाज दर्शविणाऱ्या एका मराठी शब्दात शोधतात. इव्हान्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली आजारी जनावरांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले होते आणि हेच जीव रोगाचे कारण आहेत, असे त्यांनी मांडले होते. सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात हा विचार तेव्हा नवा होता. वरिष्ठ शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. अहवाल दप्तरात पडून राहिला.

स्टील यांना ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात तसेच जीव आढळले. हा रोग आणि इव्हान्स यांनी वर्णिलेला सर्रा बहुधा एकच, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या अहवालात नोंदविला. आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावराच्या शरीरात गेले तर त्यालाही तोच रोग होतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले. या सूक्ष्म जिवाला नाव देताना त्यांनी ते स्वतःचे न देता इव्हान्स यांचे दिले. ज्याचे म्हणणे दुर्लक्षित राहिले होते, त्या पूर्वसूरीचे श्रेय त्याला मिळावे, ही त्यामागील वृत्ती होती. मोठेपणाची अशी खूण विद्वानांच्या जगात नेहमी आढळते असे नाही.

या शोधात स्टील यांची एक चूकही झाली. माणसांच्या उलटून येणाऱ्या तापाचा जंतू तेव्हा नुकताच माहीत झाला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८७७ च्या दुष्काळकाळात मुंबईतच त्या तापाचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला होता. खेचरांचा तापही उलटून येत असल्याने त्यांच्या रक्तातील जीव त्याच जातीचा, मळसूत्रासारखा जंतू असावा, असे स्टील यांनी मानले. प्रत्यक्षात तो वेगळ्या वर्गातला, शेपटीसारख्या तंतूने हालचाल करणारा एकपेशीय जीव होता. पुढच्याच दोन-तीन वर्षांत इतर संशोधकांनी ही चूक सुधारली आणि त्याचे नाव ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी असे स्थिर झाले. परंतु प्राणिशास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणे ज्याने प्रथम नाव दिले त्याची आठवण नावापुढे जपली जाते. म्हणूनच आजही शास्त्रीय ग्रंथांत या जिवाच्या नावापुढे कंसात स्टील, १८८५ असे लिहिलेले आढळते. त्यांचे वर्गीकरण चुकले, निरीक्षण टिकले आणि दुसऱ्याला दिलेला मानही टिकला.

हा रोग घोडेमाश्यांसारख्या चावऱ्या माश्यांमुळे एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, हे पुढे सिद्ध झाले. त्यावर खात्रीचे औषध मिळण्यास पहिल्या महायुद्धानंतरचा काळ यावा लागला. स्टील यांच्या हाती उपाय नव्हता. कारण कळले तरच कधीतरी उपाय सापडेल, एवढीच त्यांची श्रद्धा होती.

परळची भूमी

ज्या मुंबईत स्टील १८८६ मध्ये आले, तिच्या जीवदयेचा इतिहास आपल्या समाजाला अभिमानाचा आहे. शहरातील भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ च्या जून महिन्यात पारशी समाजाने उठाव केला आणि जैन, हिंदू व इतर समाजांतील लोकही त्यात सामील झाले. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि जैन श्रेष्ठी मोतीशाह शेठ यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. मारले जाणारे प्राणी आश्रयाला येऊ लागले. अभयदानाची आणि आहारदानाची सोय झाली.

शहर वाढत गेले तसे प्राण्यांचे हालही वाढले. १८७४ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाड्या धावू लागल्या. बंदरातून गिरण्यांकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांना जुंपलेले बैल खांदे सोलून निघेपर्यंत राबत. त्याच १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली. क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा करता येत असे. पण त्याच्या तावडीतून सुटलेल्या जखमी बैलाचे पुढे काय, हा प्रश्न उरत असे. या प्रश्नाला उत्तर दिले ते गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी. त्यांच्या उदार देणगीतून परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव देण्यात आले. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय या नावाने ते आजही ओळखले जाते.

इमारत उभी राहिली, तबेले बांधले, औषधांची कपाटे आली. परंतु तपासणारे, निदान करणारे, जखमा शिवणारे शिक्षित हात कोठून आणायचे? इंग्लंडहून एकदोन पशुवैद्य आणून एवढ्या मोठ्या इलाख्याचे काम भागणार नव्हते. येथील तरुणांना येथेच शिकविणे हाच मार्ग होता. पंजाबात लाहोर येथे १८८२ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. मुंबई इलाख्यानेही तो मार्ग धरला. २ ऑगस्ट १८८६ रोजी परळच्या याच रुग्णालयाच्या आश्रयाने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि पहिले प्राचार्य म्हणून स्टील यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय होते ३१ वर्षे.

रुग्णालय हीच शाळा

महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात असणे ही या संस्थेची खरी शक्ती होती. विद्यार्थ्याने सकाळी पुस्तकात वाचलेला रोग त्याला दुपारी समोरच्या गोठ्यात पाहता येई. ट्रामचा लंगडा घोडा, मानेवर जूं घासून झालेल्या जखमेचा बैल, पोट फुगलेली गाय, रस्त्यावर गाडीखाली सापडलेले कुत्रे हे सारे त्याचे शिक्षक होते. रुग्णालयाला विद्यार्थ्यांचे हात मिळत आणि विद्यार्थ्यांना रुग्णालयाचा अनुभव. एकाच वास्तूत औषधदान आणि ज्ञानदान यांचा असा संगम झाला.

हे विद्यार्थी येथील मातीतले होते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना जी.बी.व्ही.सी. ही पदविका मिळे आणि ही अक्षरे पुढे इलाखाभर परिचित झाली. समाजात या व्यवसायाला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. गुरांच्या शेणामुतात हात घालणारा म्हणून ढोर डॉक्टर अशी हेटाळणी होई आणि ही हेटाळणी पुढे कित्येक दशके खेड्यापाड्यांत ऐकू येत राहिली. असे असूनही जे तरुण या शाळेत आले, त्यांना स्वच्छतेची शिस्त, नोंदी ठेवण्याची सवय, औषधांचे प्रमाण आणि शस्त्रक्रियेचे कौशल्य मिळाले. माणसाच्या डॉक्टरला रोगी आपले दुखणे सांगतो. पशुवैद्याला मात्र ते श्वासावरून, नाडीवरून, डोळ्यांच्या तेजावरून, रवंथ थांबले आहे की चालू आहे यावरून ओळखावे लागते. मुक्याची भाषा शिकण्याची ही विद्या होती.

१८९० मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात झाला. पीडित प्राण्यांची सुटका झाल्यावर त्यांना ठेवून घेणारी आणि बरे करणारी व्यवस्था मुंबईत त्याआधीच उभी होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कायदा हात धरून थांबवू शकतो. जखम भरून काढण्याचे काम रुग्णालयाचेच.

दोन दृष्टी

जैन वाचकाने स्टील यांच्या चरित्राकडे पाहताना दोन गोष्टींवर थांबून विचार करणे योग्य ठरेल.

पहिली गोष्ट असाध्य रोगाची. पाश्चात्त्य पशुवैद्यक असे मानत आले की, जे जनावर बरे होणार नाही, ज्याच्या वेदना थांबविता येणार नाहीत, त्याला गोळी घालून वा औषध देऊन मुक्त करावे. शेंबा या घोड्यांच्या रोगाबाबत तर १८७९ च्या कायद्याने रोगी घोडा नष्ट करण्याचीच तरतूद केली होती, कारण तो रोग माणसालाही होतो. पांजरापोळीची निष्ठा याच्या उलट आहे. आयुष्य जोवर आहे तोवर त्या जिवाला सांभाळायचे, त्याचा शेवट आपण करायचा नाही. या दोन भूमिकांत सहज समेट होणारा नाही. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. असाध्य म्हणून सोडून दिलेल्या रोगांपैकी अनेक रोग उपचारांच्या ज्ञानाने साध्य झाले. जखमेत किडे पडले म्हणून जो बैल एके काळी तळमळत मरत असे, तो आज योग्य मलमपट्टीने बरा होतो. पशुवैद्यकाचे ज्ञान जसजसे वाढते, तसतसा मारावे की सांभाळावे हा प्रश्नच कमी जनावरांपुढे उभा राहतो. पांजरापोळीच्या निष्ठेला या ज्ञानाने मोठे बळ दिले आहे.

दुसरी गोष्ट प्रयोगांची. सर्रा रोग संसर्गजन्य आहे हे दाखविण्यासाठी निरोगी प्राण्यांना रोगी रक्त देण्यात आले. तो काळ आणि ती शास्त्रपद्धती ध्यानात घेतली तरी अहिंसेच्या दृष्टीने ही गोष्ट सलणारी आहे आणि ती सलावी हेच योग्य. एका बाजूला ज्यांच्यावर प्रयोग झाले ते मोजके जीव, दुसऱ्या बाजूला पुढे वाचलेले असंख्य घोडे, उंट आणि बैल. हा हिशेब मांडून मन पूर्णपणे शांत होत नाही. आज प्राण्यांवरील प्रयोगांवर कायद्याची बंधने आहेत आणि पर्यायी पद्धतींचा शोध चालू आहे. त्यामागे हीच अस्वस्थता आहे. थोर व्यक्तीच्या जीवनातील जे आपल्याला पटत नाही ते झाकून न ठेवता तिच्या कार्याचे मोल करणे, हीच अनेकान्ताची शिकवण आहे.

अखंड लेखन आणि अकाली अखेर

प्राचार्यपदाच्या धबडग्यातही स्टील यांची लेखणी थांबली नाही. १८८८ मध्ये कुत्र्यांच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ आला. १८९० मध्ये मेंढ्यांच्या रोगांवर आणि उंटाच्या रोगांवर अशी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. घोडा, बैल, हत्ती, कुत्रा, मेंढी, उंट : पंधरा वर्षांत एका माणसाने सहा प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. या यादीकडे पाहिले की त्यांच्या ध्येयाची दिशा स्पष्ट होते. श्रीमंताच्या घोड्यापासून धनगराच्या मेंढीपर्यंत कोणताही प्राणी शास्त्राच्या कक्षेबाहेर राहू नये, असा तो प्रवास होता.

इकडे १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी तेथे सर्रा रोगावर पुढील संशोधन केले. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था विकसित झाली. ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात स्टील यांनी जे पाहिले होते, त्याचा मागोवा आता अधिक साधनांनी घेतला जाणार होता.

तो पाहण्यास ते फार काळ राहिले नाहीत. जानेवारी १८९१ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. प्राचार्यपदाची साडेचार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला, तिच्या पहिल्या काही तुकड्याच त्यांना पाहता आल्या.

मागे उरलेले

माणूस अल्पायुषी ठरला, काम दीर्घायुषी ठरले. मुंबईच्या पाठोपाठ १८९३ मध्ये कलकत्त्याजवळ बेलगाछिया येथे आणि १९०३ मध्ये मद्रास येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये निघाली. परळच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले पदवीधर इलाख्यातील जिल्ह्याजिल्ह्यांत, संस्थानांत, तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत पोहोचले. ज्या बुळकांडीने एकेका साथीत गावेच्या गावे बैलांविना ओस पाडली, तिच्याविरुद्ध लसीकरणाची लढाई अशाच पशुवैद्यांच्या पिढ्यांनी दारोदार जाऊन लढविली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले आणि २०११ मध्ये तो रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. स्टील यांनी विशी-पंचविशीत ज्या गायीबैलांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांतील सर्वांत भयंकर रोग आज केवळ इतिहासात उरला आहे. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक बनले असून परळला त्याचे कार्य आजही चालू आहे.

इंग्लंडमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने स्टील यांच्या स्मरणार्थ एक पदक सुरू केले. हे पदक पुढे ज्यांना देण्यात आले, त्यांत एक नाव ग्रिफिथ इव्हान्स यांचे होते. १८८५ मध्ये स्टील यांनी दुर्लक्षित इव्हान्स यांचे नाव एका शोधाला देऊन त्यांचा सन्मान केला होता. स्टील गेल्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांच्याच नावाचे पदक वृद्ध इव्हान्स यांच्या हाती आले. इव्हान्स शंभर वर्षे जगले, स्टील पस्तीस. दिलेला मान असा फिरून आला, तेव्हा देणारा तो पाहण्यास नव्हता.

परळच्या या इतिहासात चारही दाने एकत्र आलेली दिसतात. मोतीशाह शेठ आणि जमशेटजी यांच्या पांजरापोळीने अभय आणि आहार दिला. पेटिट यांच्या देणगीने औषधाला घर दिले. त्या घरात ज्ञानाचा दिवा लावण्याचे काम स्टील यांनी केले. जैन, पारशी आणि ख्रिस्ती अशा वेगवेगळ्या धर्मांची ही माणसे एका मुक्या जिवाच्या वेदनेपाशी येऊन थांबली. पांजरापोळीसाठी जमीन देणारे, गवताची गंजी भरून देणारे, तबेल्याला छप्पर घालणारे दाते आपल्या समाजात पूर्वीही होते, आजही आहेत. त्यांच्या पुण्याईला एका जाणत्या पशुवैद्याच्या नित्य फेरीची जोड मिळाली, की त्या छपराखालचा जीव नुसता जगत राहत नाही, तो बरा होऊन उभा राहतो. जॉन हेन्री स्टील यांच्या पस्तीस वर्षांच्या आयुष्याने परळच्या गोठ्यांत हीच जोड दिली.